एल्रॉयचा सॅक्सोफोन

रोझलिनचा फोन आला तेव्हा ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करून मी नुकताच घरात शिरलो होतो. शनिवार, सकाळचे साडेअकरा. रोझलिन म्हणजे माझ्या मित्राची, एल्रॉयची बायको. ती कधी फोन करत नाही, मेसेज करते. त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव पाहून मी बूटही न काढता फोन घेतला. "मॅक," ती म्हणाली, "एल्रॉय गेला." तिच्या मागे कुणीतरी नळ सोडला होता, तो ऐकू येत होता. मला मॅक म्हणणारी जगात दोनच माणसं होती. बाकीच्यांसाठी मी मकरंद, नागपूरचा, गेली चोवीस वर्षं कॅनडात, त्यातली वीस किचनर नावाच्या शहरात सॉफ्टवेअरच्या नोकरीत.

एल्रॉय दर शनिवारी नऊ वाजता एका कम्युनिटी सेंटरमध्ये मुलांना सॅक्सोफोन शिकवायचा. आठ-सव्वाआठलाच तो तिथे पोचायचा आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचा, कारण दार उघडण्याआधी दाराशी रेंगाळलेलं बरं दिसत नाही असं त्याचं म्हणणं होतं. त्या शनिवारी गाडीतच त्याचं हृदय थांबलं. स्टिअरिंगवर डोकं टेकलेला माणूस कुणाला तरी दिसला. त्या कुणीतरी अॅम्ब्युलन्सला नाही, सिक्युरिटीला कळवलं, की एक काळा माणूस बराच वेळ गाडीत बसून आहे, जरा संशय येतो. सिक्युरिटीवाला आला, लांब गाडी लावून आणखी कुणी येण्याची वाट बघत उभा राहिला. काचेवर टकटक करायला वीस मिनिटं लागली. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं असतं तरी कदाचित उपयोग झाला नसता. रोझलिन त्या 'कदाचित'पाशीच अडकून पडली आहे.

मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते भिंतीपलीकडून. मी मास्टर्स करायला आलो होतो, बॅगेत प्रेशर कुकर आणि दोन टॉवेलांत गुंडाळलेला तबला. घरमालकांना आवाज चालत नव्हता, म्हणून युनिव्हर्सिटीच्या म्युझिक बिल्डिंगच्या तळघरात, सरावाच्या काचेच्या दाराच्या खोल्यांत, नाव नोंदवून मी जायला लागलो. शेजारच्या खोलीत कुणीतरी एकच ओळ तासभर वाजवत होतं, प्रत्येक वेळी थोडी वेगळी. मग ते थांबलं आणि दारात एक उंच, किडकिडीत मुलगा उभा. "हे काय वाजवतोयस?" त्याने विचारलं. मी ऐटीत तीनताल समजावला, सम कुठे, खाली कुठे, सगळं. तो मांडी घालून जमिनीवर बसला, ऐकलं, आणि हसून म्हणाला, "प्रत्येक एकला तू घरी पोचतोस. थोडा वेळ बाहेर राहा ना."

असं आमचं जॅझचं शिक्षण सुरू झालं. मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारं यंत्र, लावायचा, पण त्याची टकटक पहिल्या मात्रेवर, एकवर, धरायची नाही, दोनवर आणि चारवर धरायची. एक आपला आपण मनात सांभाळायचा. समेवर टाळी देत वाढलेल्या माणसाला हे म्हणजे उजव्या पायात डावा बूट घालून चालण्यासारखं होतं. पंधरा-वीस आवर्तनं कशीबशी निभायची आणि मग माझा हात न विचारता एकवर पडायचा. तो वाजवणं थांबवायचा नाही, फक्त एक भुवई वर करायचा. त्याचा सॅक्सोफोन (ती माणसं त्याला हॉर्न म्हणतात) त्याच्या आजोबांचा होता. आजोबा रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत पोर्टर होते, गोऱ्या प्रवाशांच्या गाद्या घालत देशभर फिरले, आणि माँट्रियलच्या एका मुक्कामात त्यांनी तो विकत घेतला. वरचा मुलामा उडालेला, खालच्या वाकणाला हरभऱ्याएवढा पोचा. तो पोचा कसा पडला, याची गोष्ट मी सप्टेंबरातच ऐकली होती, आजोबांच्या मांडीवर तोच हॉर्न असलेला जुना फोटोही पाहिला होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यावर बरंच काही अडलं.

एल्रॉय नोव्हा स्कोशियाचा. त्याच्या घराण्याच्या सात पिढ्या याच देशात गेलेल्या. तरी कुठेही गेलो की "मूळचा कुठला?" हा प्रश्न त्यालाच. म्युझिक बिल्डिंगच्या दारावरचा गार्ड त्याचं कार्ड रोज मागायचा, माझं एकदाही नाही. मला त्याची गंमत वाटायची. "माझा चेहराच अभ्यासू आहे," मी त्याला चिडवायचो. तो हसायचा, पण तो कुठेही बसला तरी दाराकडे तोंड करून बसायचा आणि अनोळखी माणूस आत आला की त्याचे दोन्ही हात नकळत मांडीवर, समोर, उघडे यायचे. ही त्याची लकब आहे असं मी धरून चाललो होतो. इतकं बिनडोक असणं मला तेव्हा परवडत होतं.

मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये राहायचो ते काका-काकू पुण्याचे, मनाने चांगले, माझ्या तापात रात्रभर जागलेले. गणपतीला मी एल्रॉयला घेऊन गेलो. काकूंनी सगळ्यांना स्टीलच्या ताटात वाढलं, त्याला कागदाच्या. "अरे, त्याला सवय नसेल ना," त्या म्हणाल्या. एल्रॉयने तीन मोदक खाल्ले, तूप मागून घेतलं, काकूंना वाकून थँक्यू म्हटलं. मला मात्र नागपूरच्या घरातला कान तुटलेला कप आठवला, मोरीच्या फळीवर पालथा घातलेला, फक्त कामवाल्या बाईंचा. त्या कपाबद्दल मी घरी कधी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि त्या दिवशीही काढलं नाही. तो गेल्यावर काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगा चांगला आहे रे. पण हे बघ, उद्या काही लफडं झालं तर तू मध्ये पडू नकोस. कुणी काही विचारलं तर आय डोंट नो म्हणायचं, विषय संपला. तुझं स्टडी परमिट आहे, त्याचं काय जातंय?" आमच्यातल्या नव्या माणसाला हा सल्ला लोक विंटर जॅकेटच्या सल्ल्याइतक्याच मायेने देतात.

नोव्हेंबरातली एक दुपार. आम्ही खोलीत होतो. एल्रॉय हॉर्न खुर्चीवर ठेवून वरून कॉफी आणायला गेला. काचेवर टकटक झाली. तोच गार्ड आणि डिपार्टमेंटमधल्या एक बाई. डिपार्टमेंटचा एक जुना सॅक्सोफोन सापडत नव्हता. बाईंनी खुर्चीकडे बोट दाखवलं. "हा कोणाचा?" "एल्रॉयचा," मी म्हणालो. "म्हणजे तो वाजवतो," बाई म्हणाल्या. "पण त्याचा स्वतःचा आहे, हे तुला माहीत आहे?" त्या अगदी गोड आवाजात विचारत होत्या, गार्डने वही काढली होती, आणि माझं नाव कसं लिहायचं ते तो मला विचारत होता. नाव वहीत जाताना बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आय डोंट नो."

मान वर केली तेव्हा एल्रॉय दारात उभा होता. दोन्ही हातांत कॉफीचे कप, छातीच्या उंचीवर धरलेले. तो कधीपासून तिथे उभा होता?... हा प्रश्न मी चोवीस वर्षं वागवतो आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. कप हळूच जमिनीवर ठेवले आणि सगळ्यांना दिसतील असे हात पुढे घेऊन त्यांच्याशी बोलायला लागला.

त्यांनी हॉर्न ठेवून घेतला. त्याच्या आईचं पत्र आलं, ते पुरावा म्हणून चालेना. डिपार्टमेंटबाहेरच्या कुणी हा हॉर्न आधी त्याच्याकडे पाहिला असेल तर त्याने येऊन लिहून द्यावं, म्हणाले. तो कुणी म्हणजे मी, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याने मला विचारलं नाही. मी त्याने विचारायची वाट बघत बसलो, आणि तो विचारत नाही याचं दर दिवशी थोडं बरंही वाटत होतं. तीन आठवडे मी मूग गिळून बसलो. एवढ्यात माँट्रियलची ऑडिशन येऊन गेली, जिच्यासाठी तो वर्षभर ती एक ओळ घासत होता. उसन्या हॉर्नवर जा, असं सगळे म्हणाले. तो गेला नाही. मग कळलं की डिपार्टमेंटचा सॅक्सोफोन एका प्रोफेसरांनी दुरुस्तीला पाठवला होता आणि सांगायला विसरले होते. एल्रॉयला त्याचा हॉर्न परत मिळाला, सोबत दोन ओळींचं पत्र, सहकार्याबद्दल आभार.

त्याच आठवड्यात तो कॅमेरा घेऊन माझ्या बेसमेंटमध्ये आला. "एक फोटो काढ," म्हणाला. भिंतीला टेकून उभा राहिला, हॉर्न उलटा फिरवून धरला, अंगठ्याच्या हुकाखाली कोरलेला नंबर दिसेल असा. हसला नाही. "नाव कसं लिहितोस तुझं, पूर्ण?" त्याने मध्येच विचारलं. मी स्पेलिंग सांगितलं, कशाला हवंय ते विचारायचं धाडस झालं नाही. मग कॉफी प्यायलो आणि मेट्रोनोम लावला, घरात आवाज चालत नसल्याने मी मांडीवरच ठेका धरला. त्या दिवशी माझा हात एकदाही एकवर पडला नाही. तो म्हणाला, "बघ, जमतंय तुला." मला रडू आलं होतं, ते मी खोकला काढून लपवलं.

माँट्रियलचं दार पुन्हा उघडलं नाही. तो किचनरला आला, शाळांतून शिकवू लागला, लग्नकार्यांत वाजवू लागला. नोकरी लागल्यावर मीही इथेच आलो. माझी मुलगी सई दहा वर्षांची झाली तेव्हा त्याच्याकडेच शिकायला घातली. दर रविवारी ती आणि एल्रॉय आमच्या बेसमेंटमध्ये, मी जिन्याच्या पायरीवर. कितीदा ठरवलं की आज सांगायचं. तो जायच्या आधीच्या आठवड्यात आम्ही कॉफी प्यायला बसलो होतो, तो अर्थातच दाराकडे तोंड करून. मी म्हणालो, "एल्रॉय, त्या नोव्हेंबरबद्दल मला..." त्याने कपावरचं झाकण घट्ट दाबून बसवलं. "सई दुसऱ्या ओळीत घाई करते," म्हणाला. "तिला सांग, कुणी मागे लागलेलं नाहीये." मग बाहेर बघून जरा वेळाने, "निदान वाजवताना तरी नाही." मी विषय सोडून दिला. पुढच्या रविवारी बोलू म्हटलं.

आता सव्वा महिना झाला. गेल्या आठवड्यात रोझलिन हॉर्नची केस घेऊन आली. तो सईला द्यायचा, असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं. सईची माँट्रियलला ऑडिशन आहे. मी बेसमेंटमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होतो, तिने केस उघडली, आणि झाकणाच्या मखमली अस्तरामागे हात घालून म्हणाली, "बाबा, देअर्स समथिंग इन हिअर." प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला तोच फोटो. पुढची बाजू मला पाठ होती. मागची मी कधी पाहिलीच नव्हती. वर हॉर्नचा नंबर. त्याखाली आजोबांचं नाव. त्याखाली माझं पूर्ण नाव, एकही अक्षर न चुकता. आणि सगळ्यात खाली, त्याच शाईत: मॅकला माहीत आहे.

म्हणजे तो तेव्हापासूनच दारात उभा होता. त्याने ऐकलं होतं. ते ऐकून त्याने हे लिहिलं आणि चोवीस वर्षं, केस उघडली की हाताशी येईल अशा जागी ठेवलं. यात राग आहे की माफी, मी अजून ठरवू शकलेलो नाही. ठरवायचा हक्कही माझ्याकडे नाही.

"व्हॉट डिड यू नो?" सईने विचारलं. मी खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं, काकांचा सल्ला, वहीतलं माझं नाव, कॉफीचे दोन कप, तीन आठवडे. मध्येच मराठी सुटून इंग्रजी येत होतं, पुन्हा मराठी. ती माझ्याकडे बघत नव्हती. "अँड यू नेव्हर टोल्ड हिम?" "नाही," मी म्हणालो. मग तिने हॉर्न गळ्यात अडकवला, फर्नेसशेजारच्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि हॉर्न उलटा फिरवून नंबर माझ्याकडे केला. दोन्ही हात समोर, बोटं उघडी. मी विचारलं, "असं उभं राहायला तुला कुणी शिकवलं?"

"एल्रॉय अंकलनी," ती म्हणाली. "फर्स्ट लेसन, बाबा. बिफोर एनीथिंग एल्स."

आठ वर्षं मी त्या जिन्याच्या पायरीवर बसलो होतो, आणि तो पहिला धडा मी ऐकला नव्हता. त्या रविवारी मी वर चहा करत असेन.

मी तिचा तसाच फोटो काढला, नंबर नीट वाचता यावा म्हणून दोनदा. प्रिंट आणून मागे नंबर लिहिला, खाली माझं नाव, फोन नंबर, आणि हा हॉर्न हिचा आहे, मला माहीत आहे, असं लिहून सही केली. दोन्ही फोटो एकाच प्लॅस्टिकमध्ये घालून अस्तरामागे ठेवले. सोमवारी सई एकटी ट्रेनने माँट्रियलला जाते आहे. त्या दिवशी मी सुट्टी टाकली आहे, आणि दिवसभर फोन हातात ठेवून बसणार आहे.