पोत्यात रोवलेला आकडा

मंडळी, आज सकाळी जऊळका स्टेशनावर मी एका माणसाचं डोकं फोडलं.

फाळणीत सिंध सोडून आलेला तो निर्वासित पहिल्यांदाच आमच्यात हमाली कराले आला होता. आमची रीत अशी, की ज्यानं पोत्यात आपला पोतं उचलाचा लोखंडी आकडा रोवला, पोतं त्याचं. त्याले हे ठाऊक नव्हतं. मी आकडा विसरलो असं समजून त्यानं तो उपसला अन् मले आणून दिला. "भैया, तुम्हारा रह गया."

तेवढ्यात माझं पोतं दुसऱ्यानं उचललं. मी तोच आकडा त्या निर्वासिताच्या कपाळावर हाणला. बाकीच्यायनं लाथा घातल्या. सरकीचे पोते रक्तानं भरले.

घरी बायकोनं इचारलं, "त्याले कोणी सांगतलं काहून नाही?"

माझा हात माझ्याच कपाळावरच्या जुन्या वणावर गेला. मलेही कुठं कोणी सांगतलं होतं?

तुमच्या इथं नव्या माणसाले रीत तोंडानं सांगतात का?