लोखंड न लागलेलं पोर

नंदाबाई शेलार गावात शिरल्या की आधी पोरं पळायची आणि मग कुत्री भुंकायची. सोमाटण्याला आमच्या आळीत त्या आल्या तेव्हा मी कणगीमागं लपलो होतो. आईनं कान धरून बाहेर काढलं. देवीची लस टोचायला तेव्हा टोकाशी बारीक दातेरी चकती असलेली एक सळी असायची. ती दंडावर टेकवायची आणि चिमटीत धरून गरकन फिरवायची. मी वेशीपर्यंत ऐकू जाईल असं भोकाड पसरलं. नंदाबाई म्हणाल्या, "रड खुशाल. रडल्यानं लस उतरत न्हाई." त्यांचं ते काम आजही माझ्या दंडावर आहे.

सरकारी कागदावर त्या नर्स होत्या. लोक त्यांना देवीबाई म्हणायचे, आणि त्यात थट्टा किती आणि भक्ती किती हे म्हणणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. अंगानं आडव्या, चालायला भारी. नवरा दत्तोबा रेल्वेत गँगमन होता. तो रुळांवर आणि बायको डोंगरात, त्यामुळे दोघांचं भांडण व्हायला सवडच मिळत नसे. दत्तोबा हे लोकांना कौतुकानं सांगायचा.

त्यांची एक रीत होती. घरात गेल्या की लस काढायच्या नाहीत. पाणी मागायचं, बसायचं, आणि घरातली बाई तांदूळ निवडत असेल तर तिच्या सुपात हात घालायचा. खडे वेचता वेचता बाई बोलायला लागायची. कुणाच्या पोराला टोचल्यावर ताप आला होता, कुणाचा दंड पिकला होता. नंदाबाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि "काही होत नाही" असं कधी म्हणायच्या नाहीत. "ताप येतो. पोर दोन रात्री किरकिरंल. फोड येईल, त्याची खपली धरंल, ती आपली आपण पडंल. राख लावायची न्हाई, शेण लावायचं न्हाई. वण जन्मभर राहील. आन ही टोचली न्हाई तर काय व्हतं ते तुमाला मी सांगायला नको." एवढंच. सांगितल्याबरहुकूम ताप आला की लोकांना उलट बरं वाटायचं. बाई खरं बोलते म्हणायचे.

टोचल्यानंतरही घरोघरी देवी आल्यासारखंच पाळत. दारावर लिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, पोरावर कुणी आवाज चढवायचा नाही. तालुक्याहून आलेल्या एका साहेबानं ही अंधश्रद्धा बंद करा म्हणून सांगितलं होतं. नंदाबाई 'हो' म्हणाल्या आणि काहीच केलं नाही. पोराच्या वाटेला कुणी जात नाही, हात लावत नाही, मग बिघडलं काय? डहाळा दारावर राहू द्या, दंडावर बांधू नका, एवढंच त्या सांगत.

पुढं त्यांची बदली नाणे मावळात झाली. एका माघात घाटाजवळच्या मजुरांच्या वस्तीत देवीचे रोगी निघाल्याची बातमी आली. लस गार ठेवावी लागे, म्हणून लोणावळ्याहून बर्फ यायचा. तो थर्मासात भरून नंदाबाई पठारावरच्या उंबरवाडीला चढल्या. वाडी ठाकर आदिवासींची. पोरं, बायका, बाप्ये, जो सापडेल त्याचा दंड त्यांनी धरला. शेवटचं घर सावित्राबाईचं होतं.

सावित्राबाई म्हातारी. लहानपणी देवी येऊन गेलेल्या, तोंडभर वण. मुलगा बुधा, सून बाया आणि दोन वर्षांचा नातू नवसू, एवढा तिचा संसार. बायाची आधीची दोन पोरं अंगावर पितानाच गेली होती. म्हणून नवसू पोटात असताना म्हातारीनं डोंगरावरच्या वाघजाईला बोलून ठेवलं होतं: पोर जगू दे, चैताच्या पुनवेला तुझ्या पायापाशी जावळ काढीन, तोवर त्याच्या अंगाला लोखंड लावणार नाही. पोर दोन वर्षांचं झालं की मगच जावळ, असा बोल होता. त्यामुळे नवसूचे केस खांद्याखाली आले होते. नखं वाढली की बाया ती दातांनी कुरतडायची. जन्मला तेव्हा नाळसुद्धा सुईणीनं बांबूच्या कामटीनं कापली होती.

बायानं मुकाट्यानं दंड पुढं केला. तिला टोचून झालं.

"बुधा कुटं हाये?" नंदाबाईंनी विचारलं.

"रानात गेलाय, कारवी तोडाया," म्हातारी म्हणाली.

"आन ह्यो?"

"त्याला लोखंड चालत न्हाई, बाई. दोन म्हैने ऱ्हायलं. चैतात जावळ झालं की मग टोचा."

नंदाबाई सुपाशी बसल्या. बराच वेळ खडे वेचले. मग म्हणाल्या, "मावशी, रोग काय चैताची वाट बघंल?"

"आई बघील ना त्याच्याकडं."

"मग आईलाच इचारू. जावळ आत्ता काढलं तर चालंल का म्हणून."

हे म्हातारीला पटलं. दुसऱ्या दिवशी जानू भगत, म्हातारी, पोराला घेऊन बाया आणि धापा टाकत नंदाबाई अशी मंडळी वाघजाईपाशी गेली. जानूनं देवीच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सगळे फुलांकडे डोळे लावून बसले. डावं पडलं.

शहाण्या माणसानं इथं भगताशी हुज्जत घातली असती. पण कौल लावायचं नंदाबाईंनीच सुचवलं होतं, आणि दिल्या शब्दाला ती बाई जागणारी होती. त्यांनी देवीला हात जोडले, पिशवी उचलली आणि वाट उतरायला लागल्या. मला हे सांगताना त्या म्हणाल्या, "मनातून लय चिडले होते. देवीवर न्हाई, स्वतःवर. कशाला सुचवलं म्हणून."

पण पुढच्या बर्फाबरोबर त्या पुन्हा वर आल्या. म्हातारी पाण्यावर गेली होती. बाया दारात बसून पोराचे केस विंचरत होती. ही बाई चारचौघांत तोंड उघडत नसे. ती हळूच म्हणाली, "बाई, नाळ कामटीनं कापली. आईला ते चाललं. मग हे बी कामटीनं न्हाई का व्हनार?"

नियमात हे कुठंच नव्हतं. पण लशीचा थेंब दंडावर ठेवायचा आणि खालची कातडी जराशी ओरबाडायची, एवढाच तर सगळा खेळ. नंदाबाईंनी बायाला लपवाछपवी न करता सांगितलं, "फोड उठंल का न्हाई, सांगता येत न्हाई. दंड पिकला तर माझ्या नावानं बोंब व्हईल. आन सासूला इचारल्याबिगर मी हात लावनार न्हाई."

सावित्राबाई हंडा घेऊन आली. तिनं सगळं ऐकून घेतलं, सुनेकडे बघितलं, आणि स्वतःच बांबूची कामटी तासून आणली. कोयतीनं तासलेली, म्हणजे लोखंड लागलेलीच, पण पोराला थोडंच लागलं होतं! एवढा हिशेब देवी करत नसावी. कामटी उकळत्या पाण्यात टाकली. नवसूनं माझ्यासारखंच भोकाड पसरलं. आठव्या दिवशी नंदाबाई बघायला गेल्या तेव्हा दंडावर मोत्यासारखा टपोरा फोड होता, फक्त गोल नव्हता, लांबोडका होता.

मधल्या फेऱ्यांसारखाच त्या दिवशीही बुधा घरी नव्हता. मजुरीला घाटाकडं गेला होता. त्याला तिथं गाठून टोचा, असा निरोप नंदाबाईंनी त्या भागातल्या दवाखान्यात दिला. तो निरोप पोचायच्या आधी बुधाच घरी आला, अंगात ताप घेऊन. तिसऱ्या दिवशी तोंडावर पुरळ दिसलं.

दारावर डहाळा लागला, फोडणी बंद झाली. आत फक्त सावित्राबाई राहिली. एकदा येऊन गेलेल्या देवी परत येत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. बाया नवसूला घेऊन शेजारच्या खोपटात गेली, पण पोर बापासाठी रडून रडून दोनदा आत घुसलं, एकदा तर बुधाच्या वाकळेतच झोपलेलं सापडलं. नंदाबाई रोज चढून यायच्या, बुधाला पाणी पाजायच्या, अंग पुसायच्या. औषध नव्हतंच. बुधा गेला. होळी त्या वाडीत पेटली नाही.

नवसूच्या अंगावर एक फोड उठला नाही.

चैताची पुनव आली. घरात मरण झालं तरी बोललेला नवस चुकवता येत नाही. नंदाबाईंनाही बोलावणं होतं. मामा बारकूच्या मांडीवर पोराला बसवलं, केसांवर पाणी मारलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा नवसूला वस्तरा लागला. केस वाघजाईच्या पायाशी गेले. "आईनं राखलं," जानू म्हणाला. नंदाबाईंनी मान हलवली. कुणी राखलं यावर भांडायला त्या तिथं आल्या नव्हत्या, पोर समोर होतं.

सगळे प्रसादाला बसले तेव्हा सावित्राबाई नंदाबाईंच्या जवळ येऊन बसली आणि तिनं बाही वर केली.

"मला टोचा."

"मावशी, तुमाला येऊन गेल्यात. तुमाला गरज न्हाई."

"लोखंडानंच टोचा. ती चकती फिरवा."

"उगंच लस वाया जाईल, मावशी."

म्हातारी दंड तसाच धरून बसली. मग म्हणाली, "तुमी पयल्यांदा आलात त्या दिशी बुधा घरातच व्हता. तुमी खालनं येताना दिसलात, तवा मीच त्याला मागल्या वाटेनं रानात धाडलं. ताप आला तर दोन रोज काम बुडंल म्हनून."

नंदाबाईंनी लशीचा थेंब कधी वाया घालवला नव्हता. खालच्या गावात चार पोरं राहिली होती म्हणून थर्मास बरोबर होता. त्यांनी लशीची एक काचेची नळी फोडली, म्हातारीच्या सुरकुतलेल्या दंडावर थेंब ठेवला आणि चकती फिरवली. सावित्राबाईनं तोंड वळवलं नाही.

आठव्या दिवशी त्या नेहमीसारख्या बघायला गेल्या. दंड कोरा होता. तसाच असणार हे त्यांना माहीत होतं.

"न्हाई उठलं?" म्हातारीनं विचारलं.

"न्हाई, मावशी."

"ताप बी न्हाई आला. मी रोज वाट बघत व्हते."

म्हातारीच्या पुढ्यात सूप होतं. नंदाबाई तिच्या शेजारी बसल्या आणि तांदळातले खडे वेचायला लागल्या.