धुणेवालीचं एकच वाक्य

“ह्या बाईला गप्प कर,” नाना स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले.

नाना म्हणजे आमच्या जळगावातल्या एका सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष. सभ्यतेवर बोलायला त्यांना माइकसुद्धा लागत नाही. मंडळाच्या वर्धापनदिनाला एक जुना परदेशी पिक्चर अहिराणीत डब करून दाखवायचा, ही कल्पना त्यांचीच. ‘कौटुंबिक आहे’ एवढं ऐकून हो म्हणाले होते. बघितला आज पहिल्यांदा.

मी साउंड इंजिनिअर. बाप रावेरला केळीचे ट्रक भरायचा, घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. म्हणून मोठ्या माणसांपुढे मी मान हलवतो, वाकवत नाही.

पिक्चरची गोष्ट साधी. गाव सोज्वळ, नगराध्यक्ष त्याहून सोज्वळ. शेवटी भर सभेत धुणेवाली बाई पोराला नगराध्यक्षापुढे उभा करते आणि म्हणते, “हाऊ पोऱ्या तुमनाच शे! नाक देखा त्यानं!”

“नाना, हे गाव अमेरिकेत आहे.”

“बघणारे इथले आहेत ना?”

“मग अख्खा सीनच काढू?”

“नको. लोक विचारतील, काय कापलं. तेवढं वाक्य म्यूट कर.”

नुसतं म्यूट केलं तर कानाला खड्डा लागतो. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा बारीक आवाज असतो, त्याला आम्ही रूम टोन म्हणतो. मी त्याच सभेतली थोडी शांतता उचलली आणि धुणेवालीच्या तोंडात बसवली. काम इतकं साफ झालं, की कौतुकाला कोणी नव्हतं म्हणून मीच केलं.

अडचण सिंधूअक्कांची. यावलला लग्नात हळदीची गाणी म्हणणाऱ्या अक्कांनी धुणेवालीला आवाज दिला होता. फोन केला.

“भाऊ, मना एकच डायलॉग शे! बठ्ठा नातेवाईक येतीन ऐकाले! नानाले काय त्रास शे त्यामां?”

‘टेक्निकल अडचण आहे’ म्हणून मी फोन ठेवला. नाना महिन्यातून दोनदा मंडळाच्या कामाला धुळ्याला जातात. मंडळाची धुळ्यात शाखा नाही.

हॉल भरला. पहिल्या रांगेत नाना, शेजारी नानी. सीन आला, धुणेवालीने तोंड उघडलं, माझी शांतता सुरू झाली. आणि मधल्या रांगेतून अक्का उभ्या राहिल्या.

“हाऊ पोऱ्या तुमनाच शे! नाक देखा त्यानं!”

पडद्यावरचे ओठ आणि आवाज यांचा मेळ म्हणजे लिप-सिंक. स्टुडिओत टेकवर टेक घेऊनही इतका जमला नव्हता. यावलकरांनी शिट्ट्या मारल्या.

तेवढ्यावर भागलं असतं. पण नाना उठले, हॉलकडे वळले आणि कडाडले, “साफ खोटं! धुळ्यात माझं कोणी नाही!”

धुळ्याचं नाव कोणी घेतलंच नव्हतं.

नानींनी पर्स उचलली. “घरी चला,” एवढंच म्हणाल्या.

मंडळाला आता नवे अध्यक्ष आहेत. अक्का पुढच्या पिक्चरला मोठा रोल मागताहेत. मी धंद्यात एक शिकलो. म्यूट करायचं असतं क्लायंटला. पण नानांना माइक लागत नाही, तिथे इंजिनिअर काय करणार?