दोन आठवडे म्हणजे दोन आठवडे

ओटिली श्टाइंडल व्हिएन्नाला कायद्याच्या कॉलेजात तेहतीस वर्षं टायपिस्ट होती. प्राध्यापकांची बाडं टाइप करता करता एक गोष्ट तिच्या हाडीमासी भिनली: हुकूम चांगला की वाईट हे वेगळं, आणि तो रीतसर झाला का हे वेगळं. कायदा ठरतो तो दुसऱ्यावरून. निवृत्त होऊन ती आमच्या गावी, चर्चच्या चौकाला लागून, माझ्या शेजारी राहायला आली, आणि तिचं कायद्याचं बोलणं ऐकून गाव तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवू लागलं. मीसुद्धा.

गेल्या नोव्हेंबरात नगरपालिकेनं चर्चच्या चौकात शेगडी मांडायला बंदी केली. चेस्टनट भाजणारा म्हातारा व्हावरा तिथे एकोणीस वर्षं उभा. दुसरं त्याला येतंय काय! पोलीस लॉइब्ल शेगडी उचलायला आला.

"हात लावू नकोस!" घरातल्या सपाता घालूनच ओटिली धावली. "हुकूम नगरपालिकेच्या फलकावर किती दिवस होता?"

"डॉक्टरीणबाई, हुकूम तो हुकूम."

"दोन आठवडे लागतो, तेव्हा हुकूम होतो! लावल्या-काढल्याची तारीख खाली असते. चल!"

निम्मा चौक नगरपालिकेत घुसला. कागद निघाला. लावला तीन तारखेला, काढला चौदाला!

"नव्या वाइनच्या जत्रेचं पोस्टर लावायला जागा नव्हती हो," कारकून पुटपुटला.

लॉइब्लनं दोनदा बोटं मोजली आणि टोपी काढली. आम्ही एवढा गलका केला की वरच्या मजल्यावरून महापौर डोकावले.

सोमवारी तोच हुकूम पुन्हा लागला. ओटिली रोज जाऊन बघायची. दोन आठवडे पुरते भरले, आणि ती स्वतःच व्हावराकडे गेली.

"उचल शेगडी. आता कायदा झाला."

"तुम्हीसुद्धा?" त्याचा चेहरा पडला.

मी भडकले. "अगं, हुकूम वाईट आहे!"

"आहेच. त्यासाठी सभेत भांडू. आज तो कायदा आहे." मग तिनं चष्मा चढवला. "पण वाचलाय का कुणी? 'चौकात' लिहिलंय. माझ्या फाटकाची कमान चौकात कुठे येते? ढकल रे!"

आम्ही तिघांनी शेगडी तीन पावलं आत ढकलली. लॉइब्ल आला, उंबऱ्याची रेघ बुटानं चाचपली, हुकूम पुन्हा वाचला.

"एक पुडी द्या," तो म्हणाला, आणि चौकात उभा राहून हात आत पुढे केला.