रॉकेटाआधी घरं रिकामी करणारी मेई काकू

रॉकेट उडायचं असलं की त्याच्या वाटेखाली येणाऱ्या बाययान गावात फोनवर निरोप येतो. घराबाहेर पडा, उघड्यावर थांबा, पडलेल्या तुकड्यांना हात लावू नका. निरोप धाडला की कचेरीचं काम संपलं. पण वरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे फोन उशाखाली बंद पडलेले असतात, त्याचं काय? त्यांना बाहेर काढते लुंग श्युमेई, गावाची मेई काकू. तिला कुणी नेमलेलं नाही. पितळी थाळी बडवत आणि त्याहून मोठ्यानं शिव्या घालत ती डोंगर चढते.

"टीव्हीवाले वर बघून टाळ्या वाजवतात," ती म्हणते, "आणि इंधनाची रिकामी टाकी पडते आमच्या मक्यात!" तरी रॉकेटाची रेघ आभाळात दिसली की छाती तिचीही फुगते. तेही ती लपवत नाही.

तिची खरी डोकेदुखी म्हणजे थोरला दीर, थान देगुई. बायको गेल्यापासून एकटाच. पूर्वी एकदा रॉकेटाचा पत्रा त्याच्याच गोठ्यावर पडला होता. तेव्हापासून त्याचा हिशेब पक्का: आपल्या घराची पाळी होऊन गेली, आता दुसऱ्यांची. निम्मी वस्ती असंच मानते. ज्याच्याकडे एकदा पडलं तो निवांत.

एका उड्डाणाच्या सकाळी देगुई चुलीपुढे बसून मक्याची दारू गाळत होता.

"भावजी, उठा."

"धार आत्ता कुठं लागलीय. तू हो पुढं."

"आणि टाकी पडली म्हणजे?"

"माझ्याकडे पडून गेलीय. तुझ्याकडे पडेल, तू पळ!"

एरवी काकूनं तासभर भांडण केलं असतं. तेवढा वेळ नव्हता. खिडकीत देगुईच्या लाडक्या झुंजीच्या पाखराचा पिंजरा टांगलेला होता. तिनं तो उचलला आणि सरळ चालू लागली.

"अगं ए! ठेव ते! घाबरतं ते!"

"मग या घ्यायला!"

गुडघ्यांच्या नावानं रडणारा म्हातारा उतारावरून असा धावला की खालची माणसं पोट धरून हसली. सगळे जमले होते त्या मळ्यात पोचून तो पिंजऱ्याला हात घालतो न घालतो, तोच आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. वरच्या वस्तीत काहीतरी कोसळलं आणि मातकट पिवळा धूर उठला. इंधनाचा धूर. छातीत गेला तर माणूस राहत नाही. वाऱ्यानं तो देगुईच्या दारातून आत शिरला, पलीकडच्या खिडकीतून बाहेर आला.

कुणी हसलं नाही. काकूनं सगळ्यांना वाऱ्याच्या उलट्या बाजूला हाकललं. देगुईची बाही तिनं मुठीत घट्ट धरली होती, ती काही सोडेना.

"सोड, फाटेल," तो पुटपुटला.

"फाटू दे."

मागून विषारी धुरासाठीचे मुखवटे चढवून कचेरीची माणसं आली, त्यांनी घरं धुतली, धूर लागलेली दारू ओतून दिली. देगुई काकूशी महिनाभर बोलला नाही. गाळलेली दारू चांगली होती म्हणे.

पुढचा निरोप आला तेव्हा काकू पुन्हा वर गेली. चूल पेटलेली. देगुई जागचा हलेना.

"आता तर दोनदा झालं. तिसऱ्यांदा एकाच घरी? शक्यच नाही."

काकूचं डोकं भणाणलं. शिवी ओठांवर आली, पण तिनं ती गिळली. थाळी उंबऱ्याशी ठेवली, पदराएवढा रुमाल काढून घाम पुसला आणि त्याच्या शेजारच्या पाटावर ऐसपैस बसली.

"हे काय?"

"मीपण थांबते. पडणारच नाही ना? मग मला कसली भीती!"

म्हातारा चुलीकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. खालून लोकांच्या हाका येत होत्या. ती हलली नाही.

"बाई आहेस की कोण!" असं म्हणत देगुईनं जळतं लाकूड बाहेर ओढलं, त्यावर पाणी ओतलं, आणि उठायला आधार म्हणून तिच्यापुढे हात केला.