कानानं घेतलेली बोट

आमच्या धक्क्यावर भोंगा नावाड्याच्या तोंडाला कुणी लागत नसे. अलीकडून त्यानं हाक मारली की पलीकडच्या काठावरचा माणूस चप्पल शोधायला लागायचा. जन्म गेला खाडीपार माणसं नेण्यात. होडी लाकडाची, बापानं बांधलेली. फळी कुजली की भोंगा नवी ठोकायचा. असं करत करत बापाची म्हणावी अशी एकही फळी तिच्यात उरली नव्हती.

मग शेजारच्या धक्क्यावर मोटरबोट आली आणि भोंग्याच्या होडीला म्हाताऱ्या आणि बकऱ्या तेवढ्या उरल्या. बायको म्हणाली, "माझा भाऊ परदेशात काय नुसता झोपा काढतोय? तिकडं वापरलेल्या बोटी स्वस्तात मिळतात म्हणतो."

मेहुण्यानं बोट हुडकली. फायबरची, पांढरीफेक. भोंग्यानं फोटोकडं धड बघितलं नाही. "इंजिन ऐकव," म्हणाला. घरातला पंखा बंद केला, पोरांना बाहेर हाकललं, फोन कानाला लावून डोळे मिटले. तिकडं इंजिन सुरू झालं. बराच वेळ ऐकून म्हणाला, "घ्यायची."

"बूड कसं आहे ते तरी विचारा," बायको म्हणाली.

"बुडाचं काय घेऊन बसलीस? खराब निघालं तर बदलीन. बूड माझ्या हातातलं आहे, इंजिन नाही."

जुनी होडी विकली आणि बोट आली. पहिल्याच दिवशी रिकामी बोट घेऊन भोंगा खाडीत शिरला. मध्यावर गेल्यावर वेग वाढवला, तर इंजिन बसल्या जागेवरून हललं. बुडाखालच्या पंख्याच्या दांड्यापाशी पाणी आत येऊ लागलं. बादलीनं उपसत कसाबसा काठाला लागला.

बोट बाहेर काढून ओंडक्यांवर ठेवली. होड्या बांधणारा सुतार हातोडीनं बूड ठोकत गेला. आवाज यायचा तो उशी बडवल्यासारखा.

"फायबरच्या पोटात लाकूड आहे. त्यावरच इंजिन बसवलंय आणि ते सगळं सडलंय."

"मग बदल की."

"काय बदलू? इथं फळी नाही, सांधा नाही. सगळं एका अंगाचं. यात माणसं बसवशील तर बुडवशील."

भोंग्यानं तिथूनच मेहुण्याला फोन लावला. "बोट तू डोळ्यांनी बघितली होतीस का रे?"

"नाही दाजी, मालकानंच फोनवर दाखवली. पण इंजिन तुम्हीच ऐकलंत ना? घ्यायची असं तुम्हीच म्हणालात."

भोंगा जो सुटला, त्यात मेहुण्याच्या सात पिढ्या धुऊन निघाल्या. बायको म्हणाली, "त्या पिढ्या माझ्याही आहेत, जरा बेतानं."

मेहुणा मात्र शांत. "कशाला ओरडता, दाजी? बुडाला रंग मारा आणि इंजिन ऐकवा. तुमच्यासारखा कुणीतरी मिळेलच."

हे त्याला जास्त झोंबलं. पण पोटाला काय सांगणार? शिव्या घालत त्यानं रंग मारला. ब्रश असा आपटायचा, जणू मेहुण्याचंच थोबाड रंगवतोय.

गिऱ्हाईक आलं. खाडीच्या वरच्या अंगाचा माणूस, हातांना वल्ह्याचे घट्टे. तोही माणसंच पार करायचा. रंगाकडं त्यानं एकदा बघितलं नि म्हणाला, "इंजिन ऐकू द्या."

इंजिन तापू नये म्हणून भोंग्यानं पाण्याची नळी जोडली आणि ते चालू केलं. त्या माणसानं मान तिरकी केली, डोळे मिटले. हळूहळू चेहरा खुलला. त्याच्याकडं बघता बघता भोंग्याच्या मानेवरच्या शिरा ताठ झाल्या. खटकन इंजिन बंद केलं.

"डोळे उघड, गाढवा."

"काय झालं? छान चाललंय की."

"छान चाललंय म्हणून तर मी मेलो." भोंग्यानं पहार उचलली आणि नव्या रंगावर घातली. भिजक्या पुठ्ठ्यात जावी तशी आत गेली. "घाल हात. काढ बाहेर. काय आलं?"

त्या माणसाच्या मुठीत काळा, घाण मारणारा चोथा आला. तो हात पुसत निघून गेला.

बायको मागं उभी होती. तिनं भोंग्याच्या हातातून पहार काढून घेतली. बाजूला उभा असलेला सुतार दोन पावलं मागं सरकला, त्याला वाटलं आता नवऱ्याच्या टाळक्यात घालते. तिनं पदर खोचला आणि बोटीला दुसरं भोक पाडलं, पहिल्यापेक्षा मोठं.

"हे माझ्या भावाच्या नावाचं," म्हणाली, आणि पुन्हा पहार उचलली.