बबन मिस्त्रींचे पाने आणि आमच्या घरची घासाघीस

जुन्या वस्तूची वाजवी किंमत ठरवण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या भिवंडीत नाही. (हे वाक्य गेल्या दसऱ्यापर्यंत मी चारचौघांत म्हणत असे. आता फक्त आंघोळ करताना म्हणतो, तेही नळ सोडून.)

झालं असं, की माझ्या मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, प्रदीपला, दापोड्याच्या गोदामांजवळ टेम्पो दुरुस्तीचं गॅरेज काढायचं होतं. सासऱ्यांचा याला कडाडून विरोध! स्वतःच्या जमिनीवर गोदामं उभी राहिल्यापासून ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांशिवाय घराबाहेर पडत नाहीत, आणि त्यांच्या पोराने ग्रीसमध्ये हात घालायचे? शेवटी पोराने जेवण सोडलं, तेव्हा त्यांनी अट घातली.

"अठरा हजार देतो हत्यारांना. वर एक रुपया न्हाय! दसऱ्याला गॅरेज उघडलास तर उघडलास. न्हाय तर दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गोदामावर सुपरवायझर म्हनून बसायचा!"

अठरा हजारात नवीन हत्यारं घ्यायची म्हटली तर अर्धीच येतात. पण टेमघरला, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, बबन मिस्त्री गॅरेज बंद करत होते. मुलाचं वज्रेश्वरीला नारळ-हाराचं दुकान, तिकडे राहायला जायचं होतं त्यांना. सगळी हत्यारं एकगठ्ठा विकायची होती. पाने, गोटी सेट, जॅक, पुलर, पकडी, हातोडे, सगळं. भाव सांगितला वीस हजार.

"भावजी, मिस्त्री सरळ माणूस हाय," प्रदीप म्हणाला. "मीच जातो. माझी परिस्थिती सांगतो. अठराला देतील."

"परिस्थिती सांगतोस?" मी किंचाळलो. "अरे, घासाघीस करताना परिस्थिती सांगतात होय? तू रविवारी बारा वाजता टेम्पो घेऊन ये, बस्स. पंधराच्या वर गेलो तर नाव बदलीन!"

त्या रात्री जेवताना मी घरात माझी योजना मांडली. योजना साधी होती. आधी एक नकली गिऱ्हाईक पाठवायचं. त्याने सगळ्याला नाकं मुरडायची, दहा हजार म्हणायचे आणि निघून जायचं. मिस्त्री खचतील. मग मी जायचं आणि पंधरा म्हणायचे. मिस्त्री माझ्या पाया पडतील! नकली गिऱ्हाइकाच्या भूमिकेसाठी मी नंतर, घरात कुणाला न सांगता, थेट सासऱ्यांनाच फोन लावला. "मामा, नाकं मुरडण्यात तुमच्यासारखा माणूस नाही," असं म्हटल्यावर ते लगेच तयार झाले. योजना ऐकताना आई आणि बायको, संगीता, माझ्याकडे बघत नुसत्या भाकरी मोडत होत्या. मला वाटलं, कौतुकाने.

रविवारी अकरा वाजता मी मिस्त्रींकडे पोहोचलो. त्यांच्या गॅरेजच्या दोन्ही अंगांना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने. खटाक् खटाक् असा आवाज, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. त्यामुळे आमचा सगळा खासगी व्यवहार गल्लीतली पानाची टपरीसुद्धा ऐकत होती.

मिस्त्री खचलेले वगैरे अजिबात नव्हते. मांडी घालून, चहा फुंकत बसले होते.

"बसा शेठ!" ते ओरडले. "हत्यारं बगायला आलाव? आज लई गर्दी हाय!"

"गर्दी?"

"मंग! सकाली एक पांढऱ्या कपड्यातले शेठ आले. दहाने सुरू केलं. सोलावर जाऊन थांबले. पैसे आनतो सांगून गेलेत."

 मामांनी भूमिकेत जरा जास्तच जीव ओतला होता! पण म्हटलं, काळजी नाही, मामा घरचेच. सोळावरून आपोआप गळतील.

"त्यांचं सोडा हो," मी म्हणालो, "असली माणसं परत येत नाहीत. मी पंधरा देतो. आत्ता!"

"त्यांच्यापेक्षा पुढं तर कल्यानची मॅडम हाय. फोनवरून बोली लावते. ती सतरावर हाय."

आता हे कोण उपटलं? मी घाईघाईने एक पाना उचलला, उजेडात धरला, त्याच्या तोंडावर बोट फिरवलं आणि "झिजलाय!" असं तुच्छतेने म्हणालो.

"तो पाना न्हाय, शेठ. ते शटरचं हँडल हाय."

टपरीवरचे दोघं हसले. मग मी घासाघिशीतलं ब्रह्मास्त्र काढलं. "राहू द्या मग!" म्हणालो आणि निघालो. चपला सावकाश घातल्या. पट्टा लावला, सोडला, परत लावला. रस्त्यावर आलो. माणूस असा निघाला, की विकणारा हाक मारतोच. मी टपरीपर्यंत गेलो. हाक नाही. कोपऱ्यापर्यंत गेलो. हाक नाही! वळून बघितलं, तर मिस्त्रींनी चहा संपवून बिस्किट काढलं होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "हां मॅडम, बोला!" एवढं ऐकलं आणि मी धोतराचा सोगा पेटल्यासारखा पळत आलो. (मी पँट घालतो, पण पळणं तसंच होतं.)

"अठरा!" मी दारातूनच ओरडलो.

मिस्त्रींनी फोन स्पीकरवर टाकला. "मॅडम, इथं एक शेठ अठरा बोलतान!"

पलीकडून हिंदीत उत्तर आलं, "उन्नीस! और वो जो भी सेठ है ना, उसको बोलो घर जाव!"

आवाजात एक जरब होती. अशी जरब मी कुठेतरी ऐकली होती, पण लूमच्या खडखडाटात नीट कळेना. शिवाय मला राग आला होता. कल्याणच्या बाईने येऊन माझ्या प्रदीपची हत्यारं न्यायची? पोराच्या मानेवर सुपरवायझरचा इस्त्रीचा शर्ट मला दिसायला लागला. अठरा हजारांची अट, पंधराची प्रतिज्ञा, सगळं विसरलो.

"साडेएकोणीस!" मी गरजलो.

आणि नेमकी लाइट गेली.

दोन्ही कारखान्यांतले लूम थांबले. सगळी गल्ली एकदम शांत झाली. त्या शांततेत फोनमधून, मॅडमच्या मागून, एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला.

"सूनबाई, थांबलीस कशाला? वीस बोल, वीस! कुकर मी बघते!"

हा आवाज ओळखायला मला अजिबात वेळ लागला नाही. या आवाजाने मला चाळीस वर्षं आंघोळीला पाठवलंय.

"आई?" मी म्हणालो.

 फोनमधून बायकोचा आवाज, शुद्ध मराठीत, "अहो? पंधरा सोडून साडेएकोणीसवर तुम्ही काय करताय?"

"मी काय करतोय? घासाघीस करतोय! तू कल्याणची कधीपासून झालीस?"

"अहो, तुम्हाला मेथीची जुडी नीट आणता येत नाही! म्हटलं आपणही एक नकली गिऱ्हाईक व्हावं. आठ हजार सांगणार होते, पण म्हाताऱ्या माणसाला आठ सांगायची मला लाजच वाटली, म्हणून बारा म्हणाले. मग कोणी मेला तेरा म्हणाला! भावाची हत्यारं सोडू होय मी?"

"मेला नाही, ते तुझे वडील आहेत!"

हे वाक्य गल्लीच्या शांततेत घुमत असतानाच दारात मामा उभे राहिले. पांढरे कपडे, कपाळावर घाम, हातात पैशांची पिशवी.

"मिस्त्री!" ते गरजले. "बावीस! रोख! त्या कल्यानवालीला सांगा, दापोड्याचा मानूस हाय म्हनून!"

"बाबा, ती मीच आहे!" फोनमधून आवाज आला. मामांनी आधी फोनकडे, मग माझ्याकडे, मग टपरीकडे बघितलं. टपरीवर आता पंधरा-वीस माणसं होती. लूमवाले कामगारही लाइट नाही म्हणून बाहेर येऊन बसले होते. "क्या हुआ?" एकाने विचारलं. "कुछ नहीं, एक ही घर के हैं सब!" दुसऱ्याने खुलासा केला.

एवढ्यात प्रदीप टेम्पो घेऊन आला. सगळा प्रकार ऐकला. "बावीस? भावजी, माझ्याकडं अठराच हायत ओ." त्याचा चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं. पोराचं काम सोपं करायला निघालो होतो आणि चार हजारांनी अवघड करून ठेवलं होतं.

बबन मिस्त्री उठले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "अरे पोरा, ही समदी तुजी मानसं? मना काय ठावूक! दसऱ्याला हत्यारांची पूजा होते, ती वापरनाऱ्याच्या हातानं व्हावी, म्हनून तर मी काढतोय. घे, अठराला ने."

संपलं की सगळं! वाजवी किंमत, सरळ माणूस, टेम्पो दारात. पण मामा आडवे आले.

"अठरा? मी बावीस बोललोय! अख्ख्या गल्लीसमोर! शब्द फिरवू?"

"ओ शेठ, मीच कमी घेतोय ना!"

"मी कमी देनार न्हाय!"

आयुष्यात प्रथमच मी विकणाऱ्याला किंमत पाडताना आणि घेणाऱ्याला ती धरून ठेवताना बघितलं. मिस्त्री हात जोडत होते, मामा पिशवी पुढे करत होते, प्रदीप मध्ये उभा राहून "बाबा, नको!" म्हणत होता, आणि फोनमधून आई "मग एकोणीस करा!" असा तोडगा सुचवत होती. शेवटी मामांनी हात वर केला.

"बरं. अठरा माझे, ठरल्याप्रमानं. माझी अट अट हाय. वरचे चार, ज्याची ही आयडिया, त्यानं द्यायचे!"

गल्लीतले सगळे माझ्याकडे वळले. लाइट आली, लूम सुरू झाले, पण माझी सुटका झाली नाही.

दसऱ्याला गॅरेज उघडलं. प्रदीपने हत्यारं घासूनपुसून ओळीने मांडली, झेंडूची फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं. मामा पांढऱ्या कपड्यांत लांब उभे होते. मग पुढे आले, सगळ्यात मोठा पाना उचलून बघितला, कपड्यांना डाग पडला तरी काही बोलले नाहीत. मला फार बरं वाटलं. चार हजार गेले होते, तरीही!

दिवाळीनंतर एकदा मला फोन आला.

"शेठ, बबन मिस्त्री बोलतो, वज्रेश्वरीवरून. माजी जुनी रिक्षा विकायची हाय. गिऱ्हाईक काय भाव वाढवत न्हाय. रविवारी तुमच्या घरची मानसं मोकली हायत का?"

मी त्यांना ठणकावून सांगणार होतो, की मिस्त्री, आम्ही आता त्यातले राहिलो नाही. तोंड उघडलं, आणि माझ्याच कानांनी ऐकलं,

"केवढ्याला काढलीय?"